‘औषध’ आणि पाहणारा मेंदू: कोलिनर्जिक औषधांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसलेली माणसं ‘औषध’ हा एकच शब्द दोन अर्थांनी वापरतात. कपाशीवर मारलं तेही औषध आणि ते अंगावर उडून माणूस आडवा झाला की सलाईनच्या नळीतून देतात तेही औषध. दोन्ही औषधं शरीरातल्या एकाच रसायनाच्या मागे लागलेली असतात, फक्त उलट्या दिशांनी. मी जळगावात मेंदूच्या आणि नसांच्या विद्युत तपासण्या करते. डोळ्यांसमोर चौकटी हलवून डोक्यामागून आलेख काढायचा, हे माझं रोजचं काम. बाकावर पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र लिहिले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत. ज्यात मला रस आहे तीच लांबली, हे कबूल.

कोलिनर्जिक औषध म्हणजे नेमकं काय?

ॲसिटिलकोलीन नावाच्या रसायनाचं काम वाढवणारं औषध. नस आपला निरोप पुढच्या पेशीला देते तो बहुतेक वेळा रसायनाच्या रूपात, आणि अशा रसायनांमध्ये सगळ्यात आधी सापडलं ते हेच. १९२१ मध्ये ओटो लोवी यांनी बेडकाचं हृदय खाऱ्या पाण्यात धडधडत ठेवलं, त्याची व्हेगस नस चेतवून ते मंद केलं आणि मग तेच पाणी दुसऱ्या हृदयावर सोडलं. दुसरं हृदय नस न चेतवताच मंदावलं. म्हणजे पाण्यात काहीतरी उतरलं होतं. लोवी आणि हेन्री डेल यांना १९३६ चं नोबेल मिळालं ते याच कामासाठी.

वाढवण्याच्या दोन रीती आहेत. पेशीवरच्या ज्या कुलपात ॲसिटिलकोलीनची किल्ली बसते, त्यात थेट दुसरी किल्ली घालायची. निकोटीन आणि काचबिंदूच्या थेंबातलं पायलोकार्पिन हे करतं. दुसरी रीत म्हणजे ॲसिटिलकोलीन मोडून टाकणारं विकर (एन्झाइम) बंद पाडायचं, की आहे तेच साचून राहतं. फायसोस्टिग्मिन, निओस्टिग्मिन, विस्मरणाच्या गोळ्यांतलं डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन, गॅलँटामिन ही सगळी त्या जातीची. आणि कपाशीवरची मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस हीसुद्धा. फरक इतकाच की गोळी विकराला काही काळ थोपवते, कीटकनाशक त्याच्या मानगुटीवर बसतं.

उलट बाजूला अ‍ॅट्रोपीन आणि स्कोपोलामिन. ही कुलपात बसतात पण ते उघडत नाहीत, खऱ्या किल्लीची वाट मात्र अडवतात. काटेकोरपणे यांना ‘अँटिकोलिनर्जिक’ म्हणायचं. त्यांच्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही, म्हणून तीही इथे आली आहेत.

आपल्याकडे याचा संबंध कुणाशी येतो?

मोजायला बसलं तर जवळजवळ प्रत्येक घराशी. जुलैपासून कपाशीत पाठीवरचा पंप घेऊन फिरणारा सालदार. तंबाखू मळणारे आजोबा. महादेवाला वाहिलेलं धोतऱ्याचं फळ फोडून बघणारं पोरगं. विसरायला लागलेली आजी. रोज पोटदुखीची गोळी घेणारी वहिनी. ‘आळशी डोळ्या’साठी थेंब टाकलेली मुलगी. सगळ्यांच्या शरीरात हेच रसायन वरखाली होत असतं.

तुमच्या यंत्रात दिसतं काय?

डोळ्याने पाहिलेल्याला मेंदू विजेचं जे उत्तर देतो ते मोजायचं, या तपासणीला व्हीईपी म्हणतात. माणसाला पडद्यापासून एक मीटरवर बसवतो. पडद्यावर बुद्धिबळाच्या पटासारख्या काळ्यापांढऱ्या चौकटी असतात आणि सेकंदाला साधारण दोनदा काळ्याच्या पांढऱ्या, पांढऱ्याच्या काळ्या होतात. एकूण उजेड तोच राहतो, फक्त नक्षी उलटते. एक इलेक्ट्रोड डोक्याच्या मागच्या उंचवट्याच्या जरा वर, एक कपाळाच्या वरच्या बाजूला, एक जमिनीचा. एक डोळा झाकायचा, मधल्या ठिपक्याकडे बघायचं.

मागून मिळणारं उत्तर पाच-पंधरा मायक्रोव्होल्टचं. भिंतीवरच्या घड्याळातला सेल दीड व्होल्टचा असतो, त्याचा साधारण दीड लाखावा भाग. मेंदूची स्वतःची कुजबुज याच्या कितीतरी पट मोठी असते, म्हणून एका झटक्यात काहीच दिसत नाही. शंभर वेळा चौकटी उलटवायच्या आणि शंभर तुकडे एकमेकांवर ठेवून सरासरी काढायची. जे चौकटीशी बांधलेलं आहे ते टिकतं, जे भटकं आहे ते दहापट कमी होतं. मग एक डोंगर उभा राहतो. चौकट उलटल्यापासून साधारण १०० मिलिसेकंदांवर येतो म्हणून त्याचं नाव पी-१००. तो किती उशिरा आला आणि किती उंच आहे, हेच आमचं वाचन. १९७२ मध्ये लंडनच्या हॅलिडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की दृष्टीच्या नसेला सूज येऊन गेलेल्या माणसात हा डोंगर उशिरा येतो, नजर सुधारली तरी. तेव्हापासून ही तपासणी दवाखान्यांत रुजली.

मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस अंश आणि शेजारच्या वाड्यातली पाण्याची मोटर सुरू झाली, की आलेखावर ५० हर्ट्झची जाड दोरी येते. तेव्हा ना डोंगर दिसतो ना काही. मोटर बंद होईपर्यंत आम्ही रुग्णाला पाणी देतो आणि वाट बघतो.

ॲसिटिलकोलीन पाहणाऱ्या मेंदूत येतं कुठून?

डोळ्यातून येत नाही. मेंदूच्या पुढच्या भागाच्या तळाशी पेशींचे काही पुंजके आहेत, त्यातला एक मायनर्ट यांच्या नावाने ओळखला जातो. तिथून लांबच लांब तंतू निघून सगळ्या कॉर्टेक्सवर, म्हणजे मेंदूच्या वरच्या सालीवर, पसरतात. डोक्याच्या मागच्या टोकाला असलेल्या, पाहण्याचं काम करणाऱ्या व्हिज्युअल कॉर्टेक्समध्येही. गिरणा नदीचं पाणी पाटाने कुठवर जातं तसं. चित्र डोळ्यातून येतं, वाटेत थॅलॅमस नावाच्या मेंदूच्या मधल्या थांब्यावर थांबतं आणि मागे पोचतं. ॲसिटिलकोलीन वेगळ्या वाटेने येतं आणि त्या चित्राचं काय करायचं त्यात हात घालतं.

१९६६ मध्ये कोलिअर आणि मिचेल यांनी सशाच्या मेंदूच्या पृष्ठभागावर छोटी वाटी बसवून तिच्यात झिरपणारं ॲसिटिलकोलीन मोजलं. डोळ्याला उजेड दाखवला की व्हिज्युअल कॉर्टेक्समधून झिरपणारं प्रमाण वाढलं. म्हणजे हे रसायन झोप-जाग ठरवणारं सरसकट बटण नाही, पाहण्याच्या कामातही त्याचा भाग आहे.

पण तिथे पोचून ते करतं काय? चित्र उजळ करतं का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यात चुकीचं उत्तर मिळणारा प्रश्न हाच. ‘मेंदू जागा होतो, दिसणं वाढतं’ असं सांगून लोक मोकळे होतात. खरी गोष्ट यापेक्षा चविष्ट आहे.

१९६३ मध्ये श्पेलमान यांनी मांजराच्या व्हिज्युअल कॉर्टेक्समधल्या एकेका पेशीपाशी काचेच्या बारीक नळीतून ॲसिटिलकोलीन सोडून पाहिलं. पुढे १९८० च्या दशकात सिलिटो आणि केम्प, मग साटो यांच्या गटाने हेच अधिक नेटकेपणाने केलं. बऱ्याच पेशी उजेडाच्या रेघेला जास्त जोराने उत्तर देऊ लागल्या, आणि अनेकदा एरवीची वटवट न वाढता. पेशी नुसती बडबडी झाली नाही, तिला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर ती ठासून देऊ लागली.

हे कसं घडतं त्याला दोन जातींची कुलपं कारणीभूत आहेत. निकोटीनने उघडतात ती निकोटिनिक. माकडाच्या व्हिज्युअल कॉर्टेक्सच्या चौथ्या थरात, म्हणजे जिथे थॅलॅमसकडून चित्र उतरतं त्या धक्क्यावरच ती बसलेली आहेत. २००७ मध्ये डिस्नी, आओकी आणि हॉकन यांनी तिथे निकोटीन सोडलं तेव्हा पेशींचं उत्तर वाढलं आणि फिकट रेघाही त्यांना कळू लागल्या. दुसरी जात मस्कॅरिनिक. यातली काही कुलपं पेशीतून पोटॅशियमची गळती करणारी एक वाट बंद करतात. ठिबकच्या नळीला मधे गळती असेल तर शेवटच्या झाडापर्यंत दाब पोचत नाही. गळती बुजवली की त्याच मोटरीवर शेवटचा थेंबही टपकतो. पेशीचं तसंच होतं. आणि मस्कॅरिनिक कुलपांचं आणखी एक काम आहे, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं: कॉर्टेक्समधल्या शेजारच्या पेशींची आपसातली कुजबुज ती दाबतात. उंदराच्या मेंदूच्या कापांवर १९९९ मध्ये किमुरा, फुकुदा आणि त्सुमोतो यांनी हे डोळ्यांनी दिसेल असं मोजलं. ॲसिटिलकोलीन सोडल्यावर उत्तेजना आजूबाजूला कमी पसरली.

म्हणजे बाहेरून येणारा आवाज मोठा आणि घरातली गडबड लहान. सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्याचा सौदा चाललाय, चहूकडे भोंगे, आणि तुम्हाला एका माणसाचं बोलणं ऐकायचंय. त्याला ओरडायला सांगणं हा एक उपाय, बाकीच्यांना जरा गप्प करणं हा दुसरा. हे रसायन दोन्ही करतं.

२००९ मध्ये बर्कलीला गोर्ड आणि डॅन यांनी उंदरांना निसर्गातले चित्रपट दाखवले आणि त्याच वेळी मेंदूच्या तळाचा तो पुंजका चेतवला. एक गोष्ट बदलली ती मोठी होती. आधी शेजारशेजारच्या पेशी टाळकऱ्यांसारख्या एका ठेक्यात वाजत होत्या. चेतवल्यावर ठेका मोडला, जो तो आपापलं बोलू लागला. टाळकरी एका ठेक्यात वाजवतात तेव्हा भजन रंगतं, पण दहा जणांकडून दहा बातम्या हव्या असतील तर ठेका अडचणीचाच.

मग लक्ष देऊन बघण्याशी याचा संबंध आहे?

आहे. न्यूकॅसलच्या थीले यांच्या गटाने २००८ मध्ये माकडांना पडद्यावरच्या एका जागेकडे, नजर न हलवता, लक्ष ठेवायला शिकवलं. लक्ष असलेल्या जागेवरची पेशी जास्त वाजते, हे आधीच माहीत होतं. पेशीपाशी थोडं ॲसिटिलकोलीन दिलं तर लक्षाचा हा परिणाम वाढला, स्कोपोलामिन दिलं तर घटला. निकोटिनिक कुलपं अडवणारं औषध दिलं तर मात्र तसा फरक पडला नाही. म्हणजे उजेडाच्या वाटेवर निकोटिनिक, लक्षाच्या वाटेवर मस्कॅरिनिक, अशी ढोबळ वाटणी दिसते. ढोबळच, कारण कॉर्टेक्स इतका सोपा नाही.

औषध दिल्यावर व्हीईपीचा आलेख बदलतो का?

बदलतो. पण आधी बाहुलीचा हिशेब चुकता करा, मग मेंदूबद्दल बोला. डोळ्याची बाहुली आवळून लहान करणारा स्नायूही ॲसिटिलकोलीनच्याच हुकुमात आहे. पायलोकार्पिनने बाहुली टाचणीएवढी होते, आत उजेड कमी जातो, आणि कमी उजेडात पी-१०० काही मिलिसेकंद मागे पडतो. मेंदूला काहीही झालेलं नसताना. अ‍ॅट्रोपीनने बाहुली सताड उघडते, वर जवळचं नीट दिसणंही बंद होतं. चौकटी धूसर, म्हणून डोंगर बुटका आणि उशिरा, विशेषतः चौकटी बारीक असतील तर.

याचा धडा मला चोपड्याकडच्या एका सालदाराने दिला. फवारणीत विषबाधा झालेली, तीन दिवस अ‍ॅट्रोपीन चाललेलं, आणि ‘नजरेला धूसर दिसतं’ म्हणून त्याला माझ्याकडे पाठवलं. मी आलेख काढला, दोन्ही डोळ्यांचा पी-१०० चांगलाच उशिरा. कागद छापायला बटण दाबणार तोच त्याच्या डोळ्यांत टॉर्च मारून बघितलं. बाहुल्या उजेडाला हलतही नव्हत्या. चष्म्याच्या पेटीतून अधिक एक नंबरची काच काढून त्याच्या डोळ्यांपुढे धरली, कारण पडदा एक मीटरवर आणि त्याच्या डोळ्याला जवळ जुळवून घेता येत नव्हतं. डोंगर पुढे सरकला. आठवड्याने पुन्हा बोलावलं तेव्हा काचेशिवायच तो जागेवर होता. पहिला कागद तसाच गेला असता, तर त्याच्या फाईलवर ‘दृष्टीच्या नसेला इजा’ असं कायमचं लिहिलं गेलं असतं. त्याचा भाऊ दाराशी उभा राहून विचारत होता, “ताई, बठ्ठं बराबर शे ना?” म्हणजे, सगळं ठीक आहे ना?

आणि बाहुलीचा हिशेब चुकता केल्यावर?

तेव्हा मेंदूचा परिणाम दिसतो, पण ज्या चौकटींवर आमचा सगळा विश्वास, तिथे नाही. १९८६ मध्ये बजालन, राइट आणि व्हॅन डर व्लीट यांनी निरोगी माणसांना हायोसिन, म्हणजे स्कोपोलामिनच, देऊन चौकटी उलटवून आणि दिवा झगमगवून, अशा दोन्ही प्रकारे व्हीईपी काढला. चौकटींचा पी-१०० जवळपास जागेवरच राहिला. झगमगत्या दिव्याच्या उत्तरातली पी-२ ही लाट मात्र उशिरा आली. गंमत म्हणजे अल्झायमरच्या रुग्णांत त्या काळी नेमका असाच जोड सापडत होता: चौकटी ठीक, दिव्याची पी-२ उशिरा. आणि अल्झायमरमध्ये मायनर्टच्या पुंजक्यातल्या पेशी मरतात, हे तोवर कळलेलं होतं. दोन टोकं जुळली.

माझं मत विचाराल तर, दवाखान्यातला नेहमीचा व्हीईपी ॲसिटिलकोलीनबाबत बऱ्यापैकी बहिरा आहे. पी-१०० हा चित्र पोचल्याची पावती आहे. पोचलेल्या चित्राचं पुढे काय झालं, कुणी लक्ष दिलं की नाही, ते त्या पावतीवर लिहिलेलं नसतं.

ईईजीमध्ये काय दिसतं?

ईईजी म्हणजे मेंदूच्या स्वतःच्या विजेच्या लाटांचा आलेख. डोळे मिटून शांत बसलं की डोक्याच्या मागच्या बाजूला सेकंदाला ८ ते १३ लाटा येतात, त्या अल्फा. अ‍ॅट्रोपीन किंवा स्कोपोलामिन मेंदूत पोचलं की त्या मोडतात आणि झोपेत असतात तशा संथ, मोठ्या लाटा येतात. १९५२ मध्ये विकलर यांनी कुत्र्यांमध्ये हे पाहिलं आणि एका गोष्टीने ते चक्रावले: आलेख झोपलेला, कुत्रा जागा आणि हिंडता. फायसोस्टिग्मिन दिलं की उलट होतं, आलेख जागा दिसतो. म्हणून कागद बघून माणूस झोपलाय की जागा हे सांगू नये, डोळे उघडून माणसाकडे बघावं.

फवारणीच्या विषबाधेनंतर दिसण्यात कायमचा फरक राहतो का?

विषबाधा चालू असताना काय होतं ते शेतातल्या माणसांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असतं. लाळ, घाम, उलट्या, डोळ्यांतून पाणी, छातीत घरघर, बाहुल्या टाचणीएवढ्या, ‘दिवसा अंधारल्यासारखं’. उपचारात अ‍ॅट्रोपीन मस्कॅरिनिक कुलपं अडवतं. त्याच्या जोडीला प्रॅलिडॉक्झिम देतात, ते विकराच्या मानगुटीवरचं विष सोडवायला बघतं, पण मेंदूत फारसं शिरत नाही. अ‍ॅट्रोपीन शिरतं. म्हणूनच डोस वर गेला की रुग्ण चादरीवरचे नसलेले धागे वेचू लागतो आणि नातेवाइकांना वाटतं, विष डोक्यात चढलं. बऱ्याचदा ते विष नसतं, उतारा असतो. डॉक्टर छाती साफ झाली का, काख कोरडी झाली का, नाडी किती, हे पुन्हा पुन्हा बघतात ते हे जास्त-कमी सावरण्यासाठीच.

नंतरच्या परिणामांबद्दल दोन अभ्यास सांगण्यासारखे आहेत. २० मार्च १९९५ ला टोकियोच्या भुयारी रेल्वेत सारिन वायू सोडला गेला. सारिन आणि आपली कीटकनाशकं एकाच घराण्यातली. सहा-आठ महिन्यांनी मुराता यांनी त्यातून वाचलेल्या, तक्रार नसलेल्या काही जणांची तपासणी केली, तर पी-१०० सरासरीने मागे पडलेला होता. श्रीलंकेत दसनायके यांच्या गटाने कीटकनाशकाच्या विषबाधेतून उठलेल्या रुग्णांमध्ये २००७ मध्ये वेगळं पाहिलं. चित्र पोचल्याची सुरुवातीची लाट ठीक होती, पण ‘हे ओळखीचं आहे’ असं ठरवताना साधारण ३०० मिलिसेकंदांच्या आसपास येणारी लाट उशिरा येत होती. दोन्ही एकमेकांना खोटं पाडत नाहीत. विष कोणतं, किती, आणि तपासणी किती दिवसांनी, यावर ते ठरतं. म्हणून विषबाधेनंतर व्हीईपी काढायचा असेल तर अ‍ॅट्रोपीनचा अंमल उतरल्यावर काढा, आणि कागदावर शेवटचा डोस कधी दिला ते लिहून ठेवा.

प्रत्येक कीटकनाशक असंच वागतं असं समजू नका. इमिडाक्लोप्रिड विकराला हात लावत नाही, ते किडीच्या निकोटिनिक कुलपात थेट बसतं, आणि माणसाच्या कुलपात ते फार सैल बसतं. म्हणून विषबाधेच्या रुग्णासोबत रिकामी बाटली आणा. ‘औषध मारत होता’ एवढं सांगून डॉक्टरला काही कळत नाही.

धोतऱ्याने माणसाला नसलेलं कसं दिसतं?

धोतऱ्याच्या बियांत अ‍ॅट्रोपीन, हायोसायमिन आणि स्कोपोलामिन असतं. वरचं यात्रेचं चित्र आठवा, आणि ते उलटं करा. बाहेरचा आवाज बारीक, आतली कुजबुज मोकाट. पाहणारा मेंदू मग डोळ्यातून आलेलं सोडून स्वतःचंच बघत बसतो. दारू किंवा भांगेच्या नशेत माणसाला बऱ्याचदा कळतं की नशा झालीय. धोतऱ्यात कळत नाही. तो घरातल्या नसलेल्या आत्याशी बोलतो, हवेतून काहीतरी तोडून तोंडात घालतो. अंग तापलेलं, तोंड कोरडं, बाहुल्या मोठ्या. मांत्रिकाकडे नेऊन तास घालवू नका, ही विषबाधा आहे. महाशिवरात्रीला वाहिलेली फळं मुलांच्या हाती लागणार नाहीत अशी ठेवा.

ल्यूई बॉडी नावाच्या विस्मरणाच्या आजारात म्हाताऱ्या माणसांना अंगणात मुलं, मांजरं दिसतात. त्या आजारात कॉर्टेक्समधलं ॲसिटिलकोलीन अल्झायमरपेक्षाही जास्त घटलेलं असतं. २००० मध्ये मॅकिथ यांच्या गटाने रिव्हास्टिग्मिन देऊन पाहिलं, तर असे भास कमी झाले. धोतरा आणि हा आजार, एकाच दाराच्या दोन बाजू.

आबांना विस्मरणाची गोळी सुरू झालीय. त्याने नजर सुधारेल का?

चष्म्याचा नंबर बदलणार नाही, मोतीबिंदू विरघळणार नाही. पण व्हिज्युअल कॉर्टेक्सवर परिणाम होतो. २००८ मध्ये सिल्व्हर, शेन्हाव आणि डिस्पोझिटो यांनी निरोगी तरुणांना डोनेपेझिल देऊन स्कॅन केलं, तेव्हा डोळ्यापुढच्या चित्राचं उत्तर कॉर्टेक्समध्ये कमी जागेत पसरलं, नेमकं झालं. हे विजेचं नव्हे, रक्तप्रवाहाचं मोजमाप आहे, तरी कुजबुज दाबण्याच्या गोष्टीशी ते बसतं. २०१० मध्ये रोकेम आणि सिल्व्हर यांना दिसलं की ठिपक्यांची दिशा ओळखण्याच्या सरावाचा फायदा डोनेपेझिल घेतलेल्यांना जास्त झाला. निरोगी माणसांवरचे हे प्रयोग आहेत. आबांना ‘चेहरे जरा पटकन ओळखतात’ एवढं वाटलं तर बरं.

तंबाखूने डोकं आणि नजर तरतरीत होते म्हणतात.

निकोटीन चौथ्या थरात काय करतं ते वर लिहिलं, ते खरं आहे. तंबाखू हे त्या कुलपाची किल्ली मिळवण्याचं सगळ्यात महागडं दुकान आहे, हेही खरं. जुन्या तंबाखूवाल्यांत, जोडीला दारू आणि निकृष्ट जेवण असलं तर, दृष्टीची नस खराब होऊ शकते. मग किल्ली कितीही फिरवा, धक्क्यावर मालच उतरत नाही.

मुलीच्या चांगल्या डोळ्यात अ‍ॅट्रोपीन टाकायला सांगितलंय. मेंदूवर परिणाम होईल का?

चांगल्या डोळ्यात टाकायला सांगितलंय, यातच उत्तर आहे. थेंबाने तो डोळा जवळचं धूसर बघतो, मग मेंदूला नाइलाजाने आळशी डोळ्याचं, म्हणजे ज्याच्याकडे तो एरवी दुर्लक्ष करतो त्या डोळ्याचं, ऐकावं लागतं. कॉर्टेक्सच्या कुलपांशी त्याचा संबंध नाही. अमेरिकेतल्या ४१९ मुलांच्या अभ्यासात, निकाल २००२ चा, तीन ते सात वर्षांखालच्या मुलांना थेंबांनी, चांगल्या डोळ्यावर लावतात त्या पट्टीइतकाच फायदा झाला. थेंब टाकल्यावर डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावर बोट दाबून ठेवा, म्हणजे ते नाकातून अंगात कमी उतरतं. चेहरा लाल झाला, ताप आला, मूल बरळलं, तर थांबवा आणि लगेच दाखवा.

जाता जाता एक विरोधाभास. मांजराच्या पिलांवर बेअर आणि सिंगर यांनी १९८६ मध्ये दाखवलं की लहानपणी व्हिज्युअल कॉर्टेक्स स्वतःला बदलू शकतो, त्यात ॲसिटिलकोलीनचा हात आहे. २०१० मध्ये मोरिशिता यांच्या गटाला लिंक्स-१ नावाचं प्रथिन सापडलं, ते मोठेपणी निकोटिनिक कुलपांवर ब्रेक लावतं. ज्या उंदरांत ते नव्हतं, त्यांच्यात मोठेपणीही कॉर्टेक्स लवचीक राहिला. म्हणजे मेंदूत ॲसिटिलकोलीनचं काम वाढवून आळशी डोळा सुधारण्याचा विचार आणि थेंबांनी डोळ्यात ते अडवून सुधारण्याचा उपाय, दोन्ही एकाच आजारासाठी.

तपासणीआधी गोळ्या बंद करायच्या का?

स्वतःहून अजिबात नाही. सगळ्या गोळ्यांचे कागद आणा, पोटदुखीच्या, सर्दीच्या, झोपेच्यासुद्धा. पोटदुखीचं डायसायक्लोमिन, सर्दीचं क्लोरफेनिरामिन, झोपेसाठी दिलेलं अमिट्रिप्टिलिन ही सगळी थोडीफार अ‍ॅट्रोपीनसारखी वागतात, आणि म्हाताऱ्या माणसाला तिन्ही एकत्र मिळाली की त्याचा बेरजेचा परिणाम होतो. डोळ्यांच्या डॉक्टरकडे बाहुली मोठी करून घेतली असेल तर त्या दिवशी येऊ नका. चष्मा विसरू नका, अर्धे आलेख चष्म्यावाचून बिघडतात.

डोक्याला तेल लावून आलं तर चालेल?

न्हाऊन या, तेल न लावता. तेल लावून आलात तर परत पाठवत नाही, पण इलेक्ट्रोड चिकटत नाही आणि मग मी कापसाने घासत बसते. पाचोऱ्याच्या एका काकू मागच्या महिन्यात डोकं चप्प करून आल्या होत्या. तीन वेळा घासलं, इलेक्ट्रोड तीन वेळा घसरला. शेवटी त्या मलाच म्हणाल्या, “सरकीचं तेल आहे बाई, आमच्याच कपाशीचं. सुटायचं नाही.”